पूर्वेच्या उताराचा नमुना

"यात बी आहे, म्हणजे हे बियाणं झालं," पार्सल कचेरीतला कारकून म्हणाला. "आणि बियाणं म्हटलं की शेतकी खात्याचा दाखला लागतो."

"हे पेरायचं नाही, प्यायचं आहे," दादा म्हणाले.

"बी पिणार?"

"कॉफी आहे ती. कच्ची. भाजली, दळली, की मग पितात."

कारकुनाने पिशवी कानाशी धरून हलवून पाहिली. आतून ऐकू आलेला आवाज त्याला काही पटला नसावा. "पिण्याची असेल तर खाद्यपदार्थ. मग यावर मुदत छापलेली पाहिजे. ती कुठंय?"

दादांनी एक दीर्घ श्वास घेतला. ते स्वतः सरकारी प्रयोगशाळेत नमुने स्वीकारण्याच्या खिडकीवर होते. दुधाचे, तेलाचे, विहिरीच्या पाण्याचे नमुने त्यांच्यापुढून जात. सील तडकलेलं असेल, दोरा सैल असेल, सही चिठ्ठीच्या चौकटीबाहेर गेली असेल, तर ते नमुना परत पाठवत, आणि समोरच्या माणसाने कितीही गयावया केली तरी त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे. खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिल्यावर ही खिडकी किती अरुंद असते, याचा अनुभव मात्र त्यांना आज प्रथमच येत होता. नियम चुकीचा आहे असं त्यांना वाटत नव्हतं. तो आपल्याला लावला जातोय, एवढंच खटकत होतं.

अखेर कारकुनाने तोडगा काढला. पिशवीवर त्याने 'शोभेची वस्तू' असं लिहिलं आणि ती दादांच्या हवाली केली. शोभेच्या वस्तूला कुठलाच दाखला लागत नाही.

घरी पोचतात न पोचतात तोच धाकट्या बहिणीचा फोन.

"मिळाली?"

"मिळाली."

"दादा, नीट ऐक. ही नुसती माझ्या मळ्यातली कॉफी नाही. एकाच उताराची आहे. पूर्वेच्या. पहिलंच पीक आहे तिथलं. कळतंय का तुला?"

"पूर्व कळते मला."

"परवा सकाळी चाखणी आहे. कॉफी घेणाऱ्या कंपनीच्या परीक्षक बाईंना पसंत पडली तर सगळं पीक उताराच्या नावानं जाईल. पोत्यावर नाव, पाकिटावर नाव. नाही पडली तर इथल्या सामाईक गोदामात. तिथं सगळ्यांचा माल एका ढिगात ओततात रे. मग माझी कुठली आणि लोकांची कुठली, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही."

धाकटीने चांगली बँकेतली खुर्ची सोडून डोंगरावर कॉफी लावली, तेव्हा जिला धड चहा जमत नाही ती कॉफी काय पिकवणार, असं सगळ्या नातेवाइकांनी आळीपाळीने म्हणून घेतलं होतं. आता त्या सगळ्यांची तोंडं बंद होणं या एका पिशवीवर अवलंबून होतं. दुसरी पिशवी वेळेत येणं शक्य नव्हतं, कारण डोंगरावरून माल आणणारी गाडी आठवड्यातून एकदाच खाली उतरे आणि तीही ड्रायव्हरच्या पोटाची तक्रार नसेल तर.

"तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे," धाकटी म्हणाली. "नमुना सांभाळणं तुझ्या हाडात आहे."

दादांची छाती किंचित फुगली. हे वाक्य तिने बोलायला नको होतं, असं पुढे त्यांना अनेकदा वाटलं.

"आणि हो, पिशवीला कसला वास लागलाय का बघ. कॉफी वास फार पटकन ओढून घेते."

दादांनी पिशवीचं तोंड उघडून नाक लावलं. फिनाइल. पार्सल कचेरीत पिशवी कशाच्या शेजारी झोपली होती, हे विचारायची गरज नव्हती. "बाहेरूनच येतोय," ते घाईने म्हणाले. "बियांना नाही."

"मग ताबडतोब कोरड्या डब्यात काढ!"

आता घरात कसलाही वास नसलेली जागा शोधणं सुरू झालं. हे काम सोपं असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपापल्या घरात एकदा नाक घेऊन फिरून पाहावं. स्वयंपाकघर अर्थातच बाद. कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या. पुस्तकांच्या कपाटात पुस्तकं, म्हणजे बुरशी. न्हाणीघराचा विचारही दादांना सहन झाला नाही. पलंगाखाली वास नव्हता, पण तिथे त्यांना आपला हरवलेला चपलेचा एक पाय सापडला आणि त्या जागेबद्दलचं मत बदललं.

एवढ्यात समोरच्या दंतवैद्य बाई उघड्या दारातून आत आल्या. त्यांच्या दवाखान्याला त्या दिवशी सुट्टी होती आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय याची काळजी लागे. त्यांच्या पाठोपाठ वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक. प्राध्यापक कुठेही हात रिकामे घेऊन येत नसत. कागदाच्या पुडीत भाजलेले शेंगदाणे असत आणि ते इतरांना देण्यासाठी नसत.

"चार लवंगा टाका, कीड लागत नाही," दंतवैद्य बाई म्हणाल्या. लवंग हा त्यांच्या धंद्याचा भाग होता.

"फ्रिजमध्ये ठेवा," दादांची बायको म्हणाली.

"मूळ प्रश्न असा आहे," प्राध्यापक म्हणाले, "की वास म्हणजे काय?"

दादा हॉलच्या मधोमध पिशवी छातीशी धरून उभे होते, तान्ह्या मुलाला कुठे झोपवावं हे न कळलेल्या बापासारखे.

"आई, एखादा कोरडा डबा आहे का? वास नसलेला?"

"आहे की," आतून आईचा आवाज आला. "आण इकडे पिशवी. तू आधी हातपाय धू. बाहेरून आलास तसाच फिरतोयस."

पिशवी आईच्या हाती देऊन दादा हातपाय धुवायला गेले. आईचं वय झालं होतं, पण तिच्यासारखी घट्ट झाकणाचे डबे बाळगणारी बाई इमारतीत दुसरी नव्हती. ते परत आले तेव्हा ओट्यावर पत्र्याचा चकचकीत डबा होता आणि आत काठोकाठ बिया. दादांनी नाक लावलं. स्वच्छ. त्यांनी झाकण लावलं, कडेने दोरा गुंडाळला, गाठीवर लाख वितळवली आणि तीवर आपल्या अंगठीचा ठसा उमटवला. मग डबा हॉलमधल्या शोकेसवर ठेवून त्याच्याकडे लांबून पाहिलं. एवढं नेटकं सील त्यांच्या खिडकीवर कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. आलं असतं, तर त्यांनी उठून उभं राहून ते स्वीकारलं असतं.

दुसऱ्या दिवशी दादांनी मुद्दाम रजा घेतली होती. सकाळी चहा पिताना आई समाधानाने म्हणाली, "बरं झालं बाई, त्या जुन्या बियाही मार्गी लागल्या."

"कुठल्या जुन्या?"

"मागच्या वर्षी नाही का धाकटीनं पाठवल्या होत्या? कढईत भाजून बघा म्हणाली आणि घरभर धूर झाला. त्याच होत्या की त्या डब्यात. निम्म्याच्या वर उरलेल्या. म्हटलं टाकायच्या कशाला, नव्यात घातल्या. छान ढवळूनही घेतल्या."

दादांचा कप बशीत ठेवताना वाजला.

इथे त्या घराची एक रीत सांगणं भाग आहे. नवीन जिन्नस आला की जुन्याचा उरलेला भाग त्यात ओतायचा आणि वर काटकसरीचा आव आणायचा, हा आईचा शिरस्ता होता. साखर साखरेत, मीठ मिठात, शाई शाईत. साबणाची झिजलेली चकती ती नव्या वडीला चिकटवून टाकी. तिच्या संसारातल्या पहिल्या साबणाचा सूक्ष्म अंश आजच्या वडीतही असला पाहिजे, असं दादांनीच एकदा गणिताने दाखवून दिलं होतं आणि सगळे हसले होते. त्या गणितातलं भय त्यांना आत्ता कळलं.

"आई, ती पश्चिमेच्या उताराची होती! जुनी! मागच्या सालची!"

"मग? दोन्ही तिच्याच मळ्यातली ना?"

"मळा एक असून भागत नाही. उतार एक पाहिजे."

"एका आईची दोन मुलं," आई शांतपणे म्हणाली, "एक सकाळच्या उन्हातलं, एक संध्याकाळच्या. म्हणून काय त्यांना वेगवेगळं जेवायला वाढायचं?"

या युक्तिवादाला विज्ञानात उत्तर आहे, पण आईला देता येईल असं नाही. दादांनी डब्याकडे पाहिलं. सील अभंग होतं. आतला माल भ्रष्ट होता. आणि त्या दोन्हींवर त्यांच्याच अंगठीचा ठसा होता.

नेमका त्याच वेळी धाकटीचा फोन आला. "नमुना कसाय?"

"सीलबंद आहे," दादा म्हणाले. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

फोन ठेवून त्यांनी सील फोडलं आणि विचार सुरू केला. चाळणी लावावी, तर दोन्हींचा आकार सारखा. पाण्यात टाकून तरंगतात का पाहावं, तर भिजलेला नमुना म्हणजे मेलेला नमुना. ते कागदावर घनतेचं समीकरण मांडत असताना बायकोने मूठभर बिया खिडकीतल्या उजेडात पसरल्या.

"अहो, या पिवळट दिसताहेत आणि या हिरवट. निवडून काढू की."

दादांनी बघितलं. खरंच, जुन्या बिया गवताच्या काडीसारख्या फिकट पडल्या होत्या. त्यांनी समीकरणाचा कागद घडी करून खिशात घातला. दोघांनीच बसायचं म्हटलं तर दुसरा दिवस उजाडला असता, म्हणून बायकोने समोरचं दार ठोठावलं, आणि एक दार ठोठावलं की त्या इमारतीत बाकीची आपोआप उघडत.

दंतवैद्य बाई डोक्याला बांधायचा दिवा, भिंग आणि चिमटा घेऊन आल्या. प्राध्यापक शेंगदाणे घेऊन आले. पाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी आले, कारण जिन्यात एवढी वर्दळ सभेची नोटीस न काढता होणं त्यांना नियमबाह्य वाटलं. वस्तुस्थिती समजल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. "हा धंदा तर नाही ना? राहत्या जागेत धंदा चालत नाही."

"कौटुंबिक बाब आहे," दादा म्हणाले.

"मग हरकत नाही. एक ताट इकडे द्या."

जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरली. दादांनी उभं राहून नियम सांगितला. हिरव्या बिया डावीकडच्या पातेल्यात, पिवळ्या उजवीकडच्या. शंका आली तर त्यांना विचारायचं. मत द्यायचं नाही.

"मूळ प्रश्न असा आहे," प्राध्यापक एक बी उजेडात धरून म्हणाले, "की हिरवा कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो?"

"तुम्हाला कळत नसेल तर इकडे द्या," आई म्हणाली.

काम मात्र बरं चाललं. पाऊण ढीग झाला असेल, तेवढ्यात पुन्हा धाकटी. दादा फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार लावून घेतलं, कारण मागून दंतवैद्य बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

धाकटीला झोप लागली नव्हती. ती बोलत राहिली. पूर्वेच्या उताराला सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी वरच्या मोठ्या झाडांची सावली. धुकं तिथे उशिरापर्यंत रेंगाळतं, त्यामुळे फळ सावकाश पिकतं. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, लाल, सगळं एकत्र असतं. तिने फक्त लाल तेवढं हाताने खुडलं होतं. उरलेल्यासाठी पुन्हा, आणि मग पुन्हा. जाळीच्या मांडवावर वाळत घातलेली बी ती तासातासाने हलवायची आणि ढग आला की अंगावरचं पांघरूण काढून तिच्यावर घालायची.

"मला ना, दादा, भाव जरा कमी मिळाला तरी चालेल," ती म्हणाली. "पण ती ढिगात जायला नको. ती कोणी प्यायलं तर त्याला कळलं पाहिजे की हे तिथलं आहे. एवढंच."

"जाणार नाही ढिगात," ते म्हणाले. दादा सहसा खात्री देत नसत. खात्री देणं हे प्रयोगशाळेच्या शिस्तीत बसत नाही.

ते आत आले तेव्हा टेबलाभोवती लग्नघरातल्यासारखा आनंद होता.

"बघा साहेब!" सेक्रेटरींनी पातेलं पुढे केलं.

आत निळसर हिरव्या बिया होत्या. सगळ्या एका आकाराच्या, एका रंगाच्या, सराफाच्या पेटीत ठेवाव्यात अशा. पण ढीग दादांच्या अंदाजापेक्षा बराच लहान दिसत होता.

"बाकीच्या कुठे गेल्या?"

"पिवळ्या काढल्याच," दंतवैद्य बाई कपाळावरचा दिवा मालवत म्हणाल्या, "पण म्हटलं हात लागलाच आहे तर किडलेल्या कशाला ठेवा? एवढंसं छिद्र असलं तरी मी सोडलं नाही."

"फुटक्या मी काढल्या," सेक्रेटरी म्हणाले.

"आणि बारक्या, सुरकुतलेल्या मी," बायको म्हणाली. "बघवत नव्हत्या हो."

"मूळ प्रश्न," प्राध्यापक म्हणाले, "सौंदर्याचा होता."

दादा मटकन खुर्चीत बसले. "अहो, हा नमुना राहिला नाही. नमुना म्हणजे पोत्यात जे आहे त्याची मूठभर आवृत्ती. पोत्यात किडकं असेल तर नमुन्यातही किडकं पाहिजे! तुम्ही वर्गातली हुशार तेवढी पोरं निवडून तपासणीसासमोर बसवलीत."

"मग बसवतातच की," आई म्हणाली.

"काढलेल्या कुठे आहेत? परत घालू."

सगळ्यांनी उजवीकडच्या पातेल्याकडे पाहिलं. तिथे पिवळ्या, फुटक्या, किडक्या, बारक्या अशा सगळ्या एकोप्याने नांदत होत्या, आणि वर प्राध्यापकांच्या शेंगदाण्याच्या टरफलांचा थर होता.

"मला वाटलं हे कचऱ्याचं आहे," प्राध्यापक प्रथमच मूळ प्रश्नाशिवाय बोलले.

लोक आपापल्या घरी गेले, तेही थोडे दुखावलेच. मान मोडून काम करावं आणि वर शिकवणी ऐकावी, हे कुणाला आवडेल? बायकोने पातेल्यावर झाकण ठेवलं. "तुम्ही सांगितलं नाहीत तर त्या परीक्षक बाईंना काय कळणार आहे?"

"आज नाही कळणार. चाखतील, खूश होतील, सगळं पीक घेतील. मग पोती उघडतील. तेव्हा धाकटीनं फसवलं म्हणतील आणि माल ढिगात जाईल, वर नाव खराब होईल ते वेगळंच."

"आणि सांगितलंत तर?"

"तर नमुना बाद. माल ढिगात."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. दादांनी डबा पुन्हा दोऱ्याने बांधला. या वेळी लाखेवर ठसा वाकडा उमटला. असं सील खिडकीवर आलं असतं तर ते त्यांनी परत पाठवलं असतं.

चाखणीचं ठिकाण एका कॉफी भाजणाऱ्या कंपनीच्या मागच्या खोलीत होतं. दारात बसलेल्या मुलीने डबा उलटसुलट करून पाहिला. "हे सील कुणाचं आहे?"

"माझं."

"पण नमुना तर मळ्याच्या नावावर आहे. मळ्याचं सील पाहिजे. आणि वाकडं पण आहे."

"बाई," दादा खालच्या आवाजात म्हणाले, "वाकडं आहे हे मला तुमच्याआधी माहीत आहे. आत जाऊ द्या. मला एक तक्रार नोंदवायची आहे. या नमुन्याविरुद्ध."

आपल्याच नमुन्याविरुद्ध तक्रार घेऊन आलेला माणूस तिने पूर्वी पाहिला नव्हता. तिने त्यांना आत सोडलं.

आत लांब टेबलावर एकसारखे पेले मांडले होते. परीक्षक बाई उंच, सडपातळ आणि अबोल होत्या. दादांनी तोंड उघडताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. खोलीत बोलायचं नसतं. त्यांनी मूठभर बिया छोट्या यंत्रात भाजल्या, दळल्या, वर गरम पाणी ओतलं आणि वाट पाहिली. मग चमचाभर कॉफी तोंडाशी नेऊन अशी सणसणीत फुर्रर्र केली की दादा दचकले. त्यांच्या घरात एवढ्या आवाजाबद्दल लहानपणी टपली मिळे. बाईंनी कॉफी तोंडात घोळवली आणि एका भांड्यात थुंकून टाकली. दादांना धाकटीचं पांघरूण आठवलं.

बाईंनी पुन्हा फुरका मारला. मग पुन्हा. मग डोळे मिटले.

"जर्दाळू," त्या म्हणाल्या. "संत्र्याची साल. शेवटी मध. आणि किती स्वच्छ आहे! कुठे डाग नाही."

"नसणारच," दादांना आता राहवेना. "डाग माझ्या शेजाऱ्यांनी काढलेत."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. फिनाइल, आई, पश्चिमेचा उतार, दिवा, चिमटा, टरफलं. काही लपवलं नाही, एखादा पंचनामा वाचावा तसं क्रमाने सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. खिडकीवर बसणाऱ्या माणसाचा चेहरा दादा ओळखत होते आणि आता काय होणार तेही त्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे ही चव निवडल्यामुळे आली?" बाईंनी विचारलं.

"उतारामुळे किती आणि निवडण्यामुळे किती, ते सांगता येणार नाही. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या. प्रयोग म्हणून हे निकामी आहे."

बाईंनी एक बी उचलून उजेडात धरली. "मी प्रयोगाला बसलेली नाही हो, कॉफी घ्यायला बसलेय. जर्दाळू काही चिमट्यानं आत घालता येत नाही. तो उताराचाच. चिमट्यानं फक्त त्याच्या वाटेतलं बाजूला काढलंय." त्यांनी बी खाली ठेवली. "पोत्यात असंच मिळणार असेल, तर सगळं पीक घेते. उताराच्या नावानं. पण प्रत्येक पोतं उघडून बघणार. एक जरी किडकं दिसलं तरी परत."

"परत पाठवायलाच पाहिजे," दादा मनापासून म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांना आठवलं, की आपण कुणाच्या बाजूने गेलो होतो.

धाकटीला फोन लावला. ती आधी ओरडली, मग रडली, मग आई म्हणजे खरंच, असं म्हणाली, मग पुन्हा रडली.

"दादा, पण निवडणार कोण? खुडणारी माणसं हंगाम संपवून गेली. इथं निवडायचं यंत्र एकच आहे, सामाईक. त्याच्या फटीफटीत सगळ्या गावाचं बी अडकलेलं असतं. त्यातून काढलं की झालीच की भेसळ."

"मग?"

"तुझ्याकडे कोणी निवडलं म्हणालास?"

"धाकटे, हे बघ—"

"सगळी मिळून सहासातच तर पोती आहेत."

"माझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही. लोक चिडून गेलेत माझ्यावर. प्राध्यापक जिन्यात बोलत नाहीत. मी त्यांना कुठल्या तोंडानं विचारू?"

"बरं, नको विचारूस," ती इतक्या पटकन म्हणाली की दादांना संशय यायला हवा होता.

घरी पोचले तेव्हा सोसायटीच्या फलकावर सेक्रेटरींच्या सहीची नोटीस लागलेली होती. सामानासाठी लिफ्ट वापरता येणार नाही, पोती जिन्याने न्यावीत, वळणावर भिंतीला घासू नयेत, आणि काम कौटुंबिक स्वरूपाचं असल्याने सोसायटीची हरकत नाही. दंतवैद्य बाईंनी दवाखान्यातून आणखी दोन दिवे आणून ठेवले होते. प्राध्यापक हॉलमध्ये बसले होते आणि त्यांच्यासमोर टरफलांसाठी स्वतंत्र वाटी होती. धाकटीने दादांचा फोन ठेवला होता आणि लगेच आईला लावला होता.

"माणसं मी बघितली," आई म्हणाली. "पोती कुठं ठेवायची, तेवढं तू बघ."

"मला कुणी विचारलंत?"

"तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास," बायको म्हणाली. "मग परत सगळ्यांची समजूत काढत बसायला लागलं असतं. वेळ आहे का?"

आठवड्याची गाडी दोन दिवसांनी सकाळी आली. पोत्यांवर धाकटी बसली होती, केसात धूळ, हातावर ओरखडे. पोती जिन्याने चढली. वळणावर प्रत्येक पोतं भिंतीला घासलं आणि प्रत्येक वेळी सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले. पलंग भिंतीला उभा टेकवला गेला. शोकेस गॅलरीत गेलं. दादांची आरामखुर्ची कुठे गेली, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. दारात उभं राहून ते आत येणाऱ्या माणसाचे हात धुतले आहेत की नाही ते पाहत होते आणि आईला स्वयंपाकघराची हद्द ओलांडू देत नव्हते. त्यामुळे घरात त्यांच्याशी धडपणे बोलणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

"दादा," धाकटी म्हणाली, "कशी लागली रे तुला? तिकडं?"

"मला कोण देतं? थुंकली त्यांनी सगळी."

"म्हणजे तू प्यायलाच नाहीस?"

बिया निवडत बसलेले सगळे थांबले. ज्या कॉफीसाठी गेले काही दिवस इमारत जागेवर नव्हती, ती घरातल्या एकानेही अजून चाखली नव्हती. धाकटी उठली. निवडून झालेल्या पहिल्या पातेल्यातल्या मूठभर बिया तिने कढईत टाकल्या, सारखी हलवत राहिली, बिया तडतडल्या तशी आच काढली. या वेळी धूर झाला नाही. गाळून तिने एक कप भरला आणि दादा जिथे उभे होते तिथे, दारातच, त्यांच्या हातात दिला. बसायला जागा नव्हतीच.

दादांनी एक घोट घेतला. आवाज न करता. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आईसुद्धा स्वयंपाकघराच्या हद्दीवर येऊन उभी होती.

"काय?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कशी आहे?"

दादांनी आणखी एक घोट घेतला. मग आणखी एक. कप रिकामा झाला तेव्हा त्यांनी आत पाहिलं, जणू तळाशी काही लिहिलेलं असावं.

"गरम आहे," ते म्हणाले.

"एवढंच?" दंतवैद्य बाई उसळल्या.

दादांनी कप धाकटीच्या पुढे धरला. "अजून ओत. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत."